सदरहू इसम हयात आहे

माणसाच्या जन्माचा दाखला एकदाच काढावा लागतो. मृत्यूचाही एकदाच, आणि तो ज्याचा त्याला काढावा लागत नाही ही त्यातली मोठीच सोय. मधल्या काळात माणूस जिवंत असतो, हे मात्र कुणी गृहीत धरायला तयार नाही. एकदा का तुम्ही पेन्शनीत निघालात, की त्यासाठी दरसाल दाखला लागतो. त्याला हयातीचा दाखला म्हणतात. 'हयात' हा शब्द तसा भारदस्त आहे. 'जिवंत' म्हटले की मासळीबाजारातल्या टोपलीतले खेकडे आठवतात; 'हयात' म्हटले की अंगावर शेरवानी असल्यासारखे वाटते. उभा जन्म आपण नुसते जिवंत असतो आणि रिटायर झालो की हयात होतो. नोकरीत राहून गेलेली बढती म्हणायची ती हीच!

हे हयात असणे नोव्हेंबरात करायचे असते. एक तारखेपासून तीस तारखेपर्यंत केव्हाही चालते, पण नोव्हेंबरातच. बाकीचे अकरा महिने तुम्ही पहाटे उठून टेकडी चढा, कारल्याचा रस प्या, नाहीतर नातवंडांबरोबर लंगडी घाला. सरकारदप्तरी त्याची नोंद होत नाही. केंद्र सरकारने २०१९ साली आपल्या ऐंशी उलटलेल्या पेन्शनरांना एक ऑक्टोबरपासूनच दाखला देण्याची मुभा दिली. तेव्हा आमच्या कट्ट्यावरचे एक वयोवृद्ध गृहस्थ छाती काढून म्हणाले होते, "बघा, ऐंशी झाल्याचा काहीतरी फायदा! तुम्हां पोरांच्या आधी महिनाभर आम्ही जिवंत!" ती 'पोरे' सत्तरीच्या आसपासची होती.

कायद्याचे म्हणाल तर तो या बाबतीत फार समजूतदार आहे. १८७२ सालच्या पुराव्याच्या कायद्यात असे आहे, की गेल्या तीस वर्षांत एखादा माणूस जिवंत होता एवढे दिसले, तर तो मेला असे म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करावे. मात्र ज्यांना त्याची खबर असायला हवी, त्यांच्याच कानावर सात वर्षांत काही आले नसेल, तर तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्याने पुरावा द्यावा. २०२४ साली त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली. नाव बदलले, पण हे तत्त्व जागच्या जागी राहिले. म्हणजे कोर्ट सात वर्षे वाट पाहते. बँक तीस नोव्हेंबरपर्यंत पाहते. आमच्या घरी, कोथिंबीर आणायला गेलेल्या माणसाची अर्ध्या तासावर वाट पाहत नाहीत. पण तिथे निदान फोन तरी करतात.

तरीही पेन्शन देणाऱ्याची बाजू अगदीच लंगडी नाही, हे मोकळ्या मनाने सांगितले पाहिजे. बाप गेला तरी त्याचे पेन्शन जाऊ नये असे वाटणारी पितृभक्त मुले जगात पुष्कळ असतात. जपानसारख्या शिस्तीच्या देशात २०१० साली काय झाले पाहा. टोकियोतल्या सर्वांत वयोवृद्ध पुरुषाचे, वय वर्षे १११, अभिनंदन करायला सरकारी माणसे त्याच्या घरी गेली. घरचे काही भेटू देईनात. शेवटी पोलिसांनी दार उघडले, तर उत्सवमूर्ती सुमारे तीस वर्षांपूर्वीच निवर्तलेली. पेन्शन मात्र ठणठणीत होते, आणि ते कुटुंबाने उचलले होते. मग जपान सरकारने नोंदवह्या झाडल्या. शंभरी ओलांडलेली दोन लाख चौतीस हजारांवर माणसे वहीत जिवंत आणि पत्त्यावर बेपत्ता निघाली. तेव्हा वर्षातून एकदा "आहात ना?" असे विचारण्यात गैर काही नाही. प्रश्न रास्त आहे. घोटाळा होतो तो आपण "आहे" म्हणून उत्तर दिल्यानंतर.

गेल्या नोव्हेंबरात मी आमच्या बँकेत हे उत्तर द्यायला गेलो होतो. बँकेचे नाव सांगत नाही. तुमची बँक डोळ्यांसमोर आणा, काम भागेल. दोरीने बांधलेले पेन, त्यात नसलेली रिफिल, बंद पडलेले टोकनचे यंत्र आणि त्या यंत्राच्या डोक्यावर ठेवलेला हाताने लिहिलेल्या टोकनांचा गठ्ठा. बाकावर आम्ही दहा-बारा पेन्शनर. नवीन आलेल्याला बाकावरचा जुना म्हणत होता, "काय, आहात का?" एरवी हा नुसता रामराम असतो. नोव्हेंबरात तो प्रशासकीय प्रश्न होतो.

माझ्या पुढे एक मावशी होत्या. पंचाहत्तरीच्या आत-बाहेर. गुडघ्याला पट्टा, हातात कापडी पिशवी, तिच्यात प्लॅस्टिकची पिशवी आणि तिच्यात पासबुक. नवरा सरकारी खात्यात शिपाई होता. तो गेल्यावर त्याचे निम्मेशिम्मे पेन्शन यांना मिळत होते. खिडकीतला पोरगा स्वभावाने चांगला होता. त्याने मावशींच्या गुडघ्याची चौकशी केली, कुठलेसे तेल चोळून बघायला सांगितले, आणि मग यंत्र पुढे सरकवले.

"मावशी, अंगठा ठेवा."

मावशींनी ठेवला. लाल दिवा लागला.

"जरा दाबून."

मावशींनी कणीक तिंबावी तसा दाबला. लाल.

"पदराला पुसून ठेवा बघू."

पुसून ठेवला. मग दुसरा अंगठा. मग तर्जनी. मग एकेक करीत दहाही बोटे त्या काचेवर हजेरी लावून आली. एकालाही हिरवा दिवा लागेना.

"मावशी, ठसेच उमटत नाहीत तुमचे."

"कुठनं उमटणार रं लेका? चार घरची भांडी घासली चाळीस वर्षं. भांड्यांची कल्हई गेली, तशी बोटांची पण गेली."

"मशीन जुळत नाही म्हणतंय."

"म्हंजे?"

"म्हणजे..." पोरगा जरा अडखळला. "म्हणजे ह्या तुम्ही नाही, असं म्हणतंय."

मावशींनी मागे वळून माझ्याकडे पाहिले. आपण नसलो तर ती मीच असेन, असा काहीसा त्यांचा समज झाला असावा. मग पुन्हा खिडकीकडे वळून म्हणाल्या, "अरं, पण तू वळखतोस न्हवं मला?"

"मी ओळखतो हो मावशी! दर महिन्याला येता तुम्ही. मी ओळखतो. मशीन ओळखत नाही."

हे वाक्य मी तिथेच पासबुकाच्या मागे लिहून घेतले. (स्वतःच्या पेनने.) विसाव्या आणि एकविसाव्या शतकांतल्या यच्चयावत कचेऱ्यांचा कारभार एका ओळीत सांगायचा झाला, तर यापरते सांगता येणार नाही.

आता यावर उपाय नव्हता असे नाही. बोटांचे जमले नाही तर डोळ्यांच्या बुबुळांवरून ओळख पटते. पण ते यंत्र मुख्य शाखेत होते, आणि मुख्य शाखेतून दुरुस्तीला गेले होते. मी मध्ये तोंड घातले. "पूर्वीसारखा कागदी फॉर्म चालत नाही का?"

"चालतो ना," पोरगा म्हणाला. "तसा नियमच आहे. साहेबांनी समक्ष बघून सही केली की झालं."

"मग द्या की एक."

"फॉर्म संपलेत."

"कधी येतील?"

"मागवलेत. डिसेंबरात येतील."

"आणि मुदत?"

"तीस नोव्हेंबर." हे त्याने हर्ष नाही, खेद नाही, अशा स्थितप्रज्ञ स्वरात सांगितले. मग खिडकीतून पुढे वाकून हळूच म्हणाला, "समोर झेरॉक्सवाल्याकडे मिळतो. पाच रुपये."

बँकेत नसलेला बँकेचा फॉर्म बँकेसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे हमखास असतो. तहसील कचेरीत नसलेला तहसीलचा फॉर्मही त्याच्याकडेच असतो. भारताची राज्यव्यवस्था तीन स्तंभांवर उभी आहे असे आम्हांला शाळेत शिकवले होते. वर्तमानपत्रवाले स्वतःला चौथा म्हणवून घेतात. माझ्या मते पाचवा स्तंभ झेरॉक्सवाला आहे. आणि इतर चार डळमळतात त्या दिवशी तो दुपारचा जेवायलासुद्धा जात नाही.

मी फॉर्म आणला. भरायला घेतला. त्यात एक रकाना असा होता, की सदर कुटुंब-निवृत्तिवेतनधारकाने पुनर्विवाह केलेला नाही. पोरगा खाली मान घालून म्हणाला, "मावशी, विचारावं लागतं म्हणून विचारतो... दुसरं लग्न नाही ना केलंत?"

बाकावरचे सगळे पेन्शनर एकदम कान टवकारून बसले.

"पहिल्यानंच पुरेवाट केली," मावशी म्हणाल्या, "आता दुसरा कुठं शोधू? ह्या बाकड्यावर?"

बाकडे एकदम पासबुक वाचू लागले.

राहिली साहेबांची सही. साहेब मीटिंगमध्ये होते. मीटिंग संगणकावर चालली होती आणि तिचा विषय, काचेतून दिसत होता त्यावरून, 'ग्राहकसेवेत सुधारणा' हा होता. ग्राहक बाहेर बाकावर सुधारणेची वाट पाहत बसले. मी पोराला विचारले, "समजा, आज नाही झालं आणि मुदत टळली, तर हिचं पेन्शन बंद का?"

"बंद नाही हो, नुसतं थांबतं. दाखला आला की मागचं सगळं फरकासकट मिळतं."

मावशींनी ते ऐकले. भांडणाचा सूर नव्हता, माहिती विचारावी तसे त्यांनी विचारले, "वाणी थांबतो व्हय रं फरकासकट? आन् रक्तदाबाची गोळी?"

याचे उत्तर नियमावलीत नसल्यामुळे पोरगा यंत्राची काच पुसू लागला.

पावणेदोनला साहेब बाहेर आले. त्यांनी मावशींकडे पाहिले. मावशींनी साहेबांकडे पाहिले. साहेबांनी सही केली. या सगळ्याला घड्याळाप्रमाणे आठ-दहा सेकंद लागले. सकाळी साडेदहापासून पावणेदोनपर्यंत ज्या बाईचे अस्तित्व संशयास्पद होते, ती दोन डोळ्यांनी तिच्याकडे बघताच हयात निघाली.

आता यात दोष कुणाला द्यायचा? पोरगा सज्जन होता. साहेब कर्तव्यदक्ष होते, नाहीतर ग्राहकसेवेच्या मीटिंगला ते बसलेच नसते. यंत्र बिचारे नेमून दिल्याप्रमाणे बोटे तपासत होते. फॉर्म छापणाऱ्या खात्याने फॉर्म डिसेंबरात पाठवायचे ठरवले असेल तर त्यांच्याकडे त्याची टिपणी असणारच. प्रत्येकाने आपापले काम चोख केले आणि काम तेवढे झाले नाही. संस्थेचा नालायकपणा म्हणजे आळशी माणसांचा घोळका, अशी आपली समजूत असते. तसे असते तर फार सोपे होते. दोन-चार आळशांना हाकलले की भागले असते. खरा नालायकपणा सगळे कामसू असताना फुलतो. त्याला एकच खतपाणी लागते. समोरच्या माणसापेक्षा हातातला कागद खरा, एवढे मानले की पुरे.

आमच्या मावशी सव्वातीन तास मृत होत्या. उत्तर प्रदेशातल्या आझमगड जिल्ह्यातले लाल बिहारी हे एकोणीस वर्षे होते. विणकराचा धंदा करणारा हा विशीतला तरुण कर्ज काढावे म्हणून कागदपत्रे गोळा करायला गेला, तेव्हा त्याला कळले की महसुली दप्तराप्रमाणे आपण मयत असून आपली जमीन चुलत्याच्या नावावर चढली आहे. ही १९७५ सालच्या आसपासची गोष्ट. "अहो, मी इथे उभा आहे," हा पुरावा कुणी ग्राह्य धरेना. मग त्याने एकेक अचाट उद्योग केले. आपल्या बायकोला विधवा म्हणून पेन्शन द्या, असा अर्ज केला. चुलतभावाला पळवून नेले, का, तर निदान पोलीस तरी आपल्या नावाने गुन्हा नोंदवतील आणि त्या कागदावर आपण जिवंत होऊ. विधानसभेच्या गॅलरीतून पत्रके फेकली. १९८८ साली अलाहाबादला विश्वनाथ प्रताप सिंहांविरुद्ध आणि १९८९ साली अमेठीत राजीव गांधींविरुद्ध निवडणूक लढवली. आपल्याकडे मेलेल्या माणसांनी मतदान केल्याच्या कथा गावोगाव ऐकू येतात. पण मेलेल्या माणसाने उमेदवारी करण्याचा हा प्रकार नवा होता. नावापुढे त्याने 'मृतक' हा किताब लावला आणि आपल्यासारख्यांचा 'मृतक संघ' काढला. सभासदांचा तुटवडा पडला नाही. अखेर १९९४ साली सरकारने त्याला जिवंत केले. २००३ साली त्याला शांततेचे इग नोबेल पारितोषिक मिळाले आणि २०२१ साली त्याच्यावर हिंदी चित्रपट निघाला. चित्रपटाचे नाव 'कागज'. दुसरे काय असणार?

परदेशी असले काही चालत नसेल अशी कुणाची समजूत असेल, तर तीही सोडून द्यावी. रुमानियात २०१८ साली त्रेसष्ट वर्षांचे एक गृहस्थ आपला मृत्यूचा दाखला रद्द करून घ्यायला न्यायालयात गेले. परदेशात बरीच वर्षे राहून परतले, तर घरी बायकोने तो काढून ठेवलेला. न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले. कारण अर्ज मुदतीनंतर आला होता. म्हणजे तिथेही तीस नोव्हेंबर असतोच, फक्त तारीख वेगळी.

हे सगळे वाचून तुम्हांला वाटेल, की कागद हा फार कडक, निस्पृह, रामशास्त्री बाण्याचा गृहस्थ आहे. मुळीच नाही! तो माणसे पाहून कडक होतो. १९९६ साली बिहारातला चारा घोटाळा उघडकीला आला तेव्हा काय आढळले? जी गुरे नव्हतीच, ती कागदावर रवंथ करीत होती. त्यांच्यासाठी न आलेला चारा आणि न आलेली औषधे कोशागारातून रोख पैसे घेऊन जात होती. वाहतुकीच्या बिलांवर ट्रक म्हणून दिलेले नंबर तपासले, तर त्यांतल्या काही स्कूटरी आणि मोपेड निघाल्या. मोपेडवरून गुरे नेणाऱ्या त्या अज्ञात चालकाला खरे तर क्रीडा पुरस्कार द्यायला हवा होता. पण सांगायचा मुद्दा असा, की त्यांतल्या एकाही म्हशीला कुणी "जरा खूर ठेवा बघू" म्हटले नव्हते.

धंदेवाल्यांचे काही वेगळे आहे का? 'सत्यम' नावाच्या बड्या कंपनीच्या अध्यक्षांनी ७ जानेवारी २००९ रोजी स्वतःच पत्र लिहून कळवले, की ताळेबंदात दाखवलेल्या शिलकेपैकी पाच हजार कोटींवर रुपये मुळात नव्हतेच. हिशेबनीस वर्षानुवर्षे त्या पैशांना हयातीचा दाखला देत आले होते. आदल्याच वर्षी कंपनीला उत्तम कारभाराचे पारितोषिक मिळाले होते. कंपनीचे नाव 'सत्यम' ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला मी आजही हात जोडतो. पुढे २०१९ साली मुंबईची पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक अडचणीत आली, तेव्हा एकाच बांधकाम समूहाला दिलेली कर्जे झाकायला एकवीस हजारांवर बनावट खाती रचल्याचे बाहेर आले. एकवीस हजार माणसे! त्यांना अंगठे नव्हते, बोटे नव्हती, बुबुळे नव्हती, आणि तरी त्यांचे काही अडले नाही. खऱ्या खातेदारांना मात्र, ज्यांना दहा-दहा बोटे होती त्यांना, सुरुवातीला सहा महिन्यांत मिळून हजार रुपये काढायची परवानगी होती. पुढे ती मर्यादा वाढली. पण त्या पहिल्या आठवड्यात बँकेच्या बंद दारापुढे उभी असलेली म्हातारी माणसे ज्यांनी पाहिली, त्यांना हजार रुपये म्हणजे किती, हे निराळे सांगायला नको.

तेव्हा कागदाचा नियम साधा आहे. ज्याला कागद करता येतो त्याला तो मोपेडवरून म्हैस नेऊ देतो, आणि ज्याला करता येत नाही त्याच्याकडे तो तेल, पाणी, पदर सगळे लावून अंगठा मागतो.

आमच्या पिढीतल्या काही लोकांना अजून वाटते, की साहेब गेला आणि शिस्त गेली. साहेबाच्या घरचीच एक हकिकत सांगतो. ब्रिटनच्या टपाल खात्याने छोटी टपालघरे चालवणाऱ्या लोकांना हिशेबासाठी 'होरायझन' नावाची संगणकयंत्रणा दिली. तिच्यात दोष होते. ती नसलेली तूट दाखवी. टपालघरवाला शपथेवर सांगे, की मी पैला हात लावलेला नाही. पण संगणक सांगे, लावला आहे. १९९९ ते २०१५ या काळात अशा नऊशेहून अधिक लोकांना दोषी ठरवण्यात आले. कुणी तुरुंगात गेले, कुणी घरेदारे विकून न घेतलेले पैसे भरले, काहींनी जीव दिला. मदतीसाठी फोन केला की अनेकांना सांगण्यात येई, असा त्रास दुसऱ्या कुणालाच नाही, तुम्हालाच कसा होतो? हे वाचले आणि मला एकदम घरच्यासारखे वाटले. "बाकी कुणाची तक्रार नाही, तुमचीच कशी?" हे वाक्य ऐकल्याशिवाय मराठी माणसाला कुठल्या कचेरीतून परत यायची सवयच नाही! ते आपण साहेबाकडून घेतले की साहेबाने जाताना आपल्याकडून नेले, हा संशोधनाचा विषय आहे. शेवटी २०२४ साली पार्लमेंटला खास कायदा करून त्या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. संगणक चुकू शकतो हे मानायला एका प्रगत राष्ट्राला इतकी वर्षे लागली. आमच्या खिडकीतल्या पोराला ते पहिल्या लाल दिव्यालाच कळले होते. पण कळून करतो काय? सही करण्याचा अधिकार मीटिंगमध्ये होता.

राजकारणी मंडळींना हे दिसत नाही असे नव्हे. त्यांना दिसते, आणि ते लगेच कायदा करतात. आपल्या राज्यात २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा झाला. सरकारने जाहीर केलेली सेवा ठरल्या मुदतीत मिळणे हा त्याप्रमाणे नागरिकाचा हक्क आहे. कायदा चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण कचेरीने कचेरीचे काम करावे यासाठी कायदा करावा लागतो, हे म्हणजे नवऱ्याने घरी जेवायला यावे म्हणून ठराव पास करण्यासारखे आहे. माझ्या पाहण्यातल्या एका कचेरीत या सेवांचा आणि मुदतींचा भला मोठा फलक आहे. त्याच्या पुढ्यात गोदरेजचे कपाट उभे केलेले आहे. डाव्या बाजूने सेवा वाचता येतात आणि उजव्या बाजूने मुदती. कोणत्या सेवेला कोणती मुदत हे कपाटाला माहीत.

आणि यंत्रे सुधारत नाहीत असेही नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये केंद्र सरकारने 'जीवन प्रमाण' सुरू केले. बँकेत फॉर्म न भरता आधारच्या ठशावर दाखला मिळू लागला. बोटे झिजलेल्यांची पंचाईत लक्षात आल्यावर २०२१ साली चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली. घरबसल्या मोबाइलपुढे तोंड धरायचे. मात्र समोर फोटो नसून खरा माणूस आहे हे कळावे म्हणून यंत्र सांगते, डोळे मिचकावा.

आमच्या शेजारी एक निवृत्त मुख्याध्यापक राहतात. छत्तीस वर्षांच्या नोकरीत ते कुणाकडे पाहून हसल्याचीसुद्धा नोंद नाही. त्यांची नजर वर्गावरून फिरली की बाकांचे करकरणे थांबत असे. त्यांना नातीने मोबाइलपुढे बसवले आणि म्हणाली, "आजोबा, डोळे मिचकाव."

"कुणाला?"

"सरकारला."

ते ताठ बसले. यंत्र पुन्हा म्हणाले, डोळे मिचकावा. गुरुजींनी यंत्राकडे अशा काही नजरेने पाहिले, की दुसरा कुणी असता तर बाकावर उभा राहिला असता. आतून त्यांच्या सौभाग्यवती ओरडल्या, "अहो, मिचकवा एकदाचे! पेन्शनीचा प्रश्न आहे!" शेवटी त्यांनी डोळे मिचकावले. यंत्राने ते मान्य केले. त्यांच्या हयातीत त्यांच्या हातून एवढाच एक चावटपणा झाला आणि तो सरकारी आदेशाने झाला.

सोय चांगली आहे. पण मावशींकडे तसला फोन नाही. फोन असलेली नात नाही. नवीन यंत्र आले की ज्याचे आधीच बरे चालले आहे त्याचे अधिक बरे चालते. ज्याच्या बोटांची कल्हई गेली आहे त्याने पुन्हा झेरॉक्सवाल्याकडेच जायचे. यंत्राला माझा विरोध नाही. ते जिथे लाल दिवा दाखवते, तिथे एक माणूस बसलेला असावा, आणि त्याला आपले डोळे वापरण्याची लेखी परवानगी असावी, इतकेच माझे म्हणणे आहे. त्याला खर्च नाही, टेंडर नाही. दुरुस्तीला मुख्य शाखेतही पाठवावे लागत नाही. खिडकीपलीकडच्या माणसाने मान वर करायची आणि खिडकीअलीकडे कोण उभे आहे ते पाहायचे.

एवढे जर सरकारने मनावर घेतले, तर आम्हीही मागे राहणार नाही. नोव्हेंबरच काय, आम्ही बाराही महिने जिवंत राहायला तयार आहोत.